पत्त्याचे पैसे, आवाजाचे पैसे

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘वय ५२, आयटीत नोकरी. गेली काही वर्षं पन्नास-साठच्या दशकातल्या जॅझच्या मूळ रेकॉर्ड जमवतोय, मुख्यतः ब्लू नोट कंपनीच्या. घरात १४०च्या आसपास झाल्यात. २०१६ साली १८० डॉलरला घेतलेली एक रेकॉर्ड आज ५००ला विकली जाते. आता ओळखीच्या एका विक्रेत्याने सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ची पहिली आवृत्ती माझ्यासाठी शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवली आहे. २,४०० डॉलर सांगतो. लोकांना क्रेझ आलीय. भाव असेच चढत राहिले तर पुढे हात लावता येणार नाही. बायकोला बोललेलो नाही. खरं सांगायचं तर हल्ली पार्सलंही ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. ही गुंतवणूकच आहे, अशी मी मनाची समजूत घालतो. घ्यावी का? आणि डिसेंबरात मुंबईला येतोय, चोरबाजारात अशा रेकॉर्ड स्वस्तात मिळतील का?’

सप्रेम नमस्कार,

आधी २,४०० डॉलरचं बोलू, कारण शनिवार जवळ आलाय.

‘ब्लू ट्रेन’ काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. १५ सप्टेंबर १९५७ला न्यू जर्सीतल्याच हॅकेनसॅक गावात, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ही ध्वनिमुद्रित झाली. व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करायचे. ट्रंपेटवर ली मॉर्गन होता, वय वर्षं १९. कोल्ट्रेनने स्वतःच्या नावावर ब्लू नोटसाठी केलेली ही एकच रेकॉर्ड. मास्टर, म्हणजे ज्यावरून छपाईचे साचे बनतात ती मूळ तबकडी, व्हॅन गेल्डरनेच कापली आणि रेकॉर्ड छापल्या गेल्या प्लास्टिलाइट कंपनीत, नॉर्थ प्लेनफिल्डला. म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. कलेक्टर टोकियोहून, लंडनहून ज्या तबकडीसाठी जीव टाकतात, ती तुमच्या शेजारच्या गावात छापून निघालेली आहे. एडिसनच्या मराठी मंडळात ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल?

आता त्या २,४०० डॉलरमध्ये नक्की कशाकशाचे पैसे आहेत ते पाहा. विक्रेत्याकडे गेलात की रेकॉर्ड कव्हरातून काढा, कडेने धरा आणि दिव्याखाली तिरकी करा. शेवटची खाच संपते आणि कागदी लेबल सुरू होतं त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात व्हॅन गेल्डरची आरव्हीजी ही आद्याक्षरं दिसतील. त्याच पट्ट्यात एक वळणदार खूण कोरलेली असते. ती असते प्लास्टिलाइटचं पी अक्षर, पण दिसते कानासारखी. कलेक्टर तिला कानच म्हणतात. कान आहे म्हणजे रेकॉर्ड १९६६ किंवा त्याआधीची, कारण ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेल्यावर प्लास्टिलाइटचं काम बंद झालं. मग लेबलवरून अंगठा फिरवा. लेबलाच्या आत गोल खोलगट कडं लागेल, जुन्या साच्यांचं. त्यानंतर वाचायचा तो पत्ता. सुरुवातीच्या बारा इंची रेकॉर्डवर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूचा पत्ता, मग ४७ वेस्ट ६३वा रस्ता, आणि साठच्या दशकात नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’. वेस्ट ६३च्या लेबलावरही ब्लू नोट या नावाखाली रजिस्टर्डचं बारीक आर आहे की नाही, ‘इन्क’ आहे की नाही, हे भिंग लावून बघणारे लोक आहेत, कारण १९५९ च्या आधीच्या लेबलांवर ते नसतं. तुम्हीही भिंग बाळगून असाल, अशी मला दाट शंका आहे.

पुण्यात सदाशिव पेठेच्या पत्त्याला जसा वेगळा मान, तसा इथे लेबलावरच्या पत्त्याला. साठच्या दशकात पुन्हा छापलेली, ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलाची, पण कान असलेली ‘ब्लू ट्रेन’ घ्या. कारखाना तोच, मास्टर कापणारा हात तोच, जाड कव्हरावरचा कोल्ट्रेनचा विचारात बुडालेला फोटोही तोच. किंमत मात्र बरीच उतरते, कधी निम्म्याच्याही खाली. लिबर्टीच्या काळातल्या, कान नसलेल्या पण व्हॅन गेल्डरचा शिक्का असलेल्या प्रती त्याहून स्वस्त. वरचे हजार-दीड हजार डॉलर तुम्ही कोल्ट्रेनला देत नाही, एका रस्त्याच्या नावाला देता. ते देण्यात पाप नाही. हौसेला मोल नसतं. फक्त आपण कशाचे पैसे मोजतोय हे नोटा मोजण्यापूर्वी माहीत असावं.

आणि पहिली आवृत्ती म्हणजे चांगला आवाज, हे समीकरणही पक्कं नाही. १९५७चे रेकॉर्ड प्लेअर आठवा, म्हणजे फोटोत पाहिले असतील ते आठवा. जड हात आणि जाड सुई, त्याही बदलायला लोक कंटाळायचे. ज्या घरात ‘ब्लू ट्रेन’ आवडीने ऐकली गेली, त्या घरात ती झिजली. वरून काळीभोर चकचकीत दिसते आणि सॅक्सोफोन वर चढला की फाटल्यासारखी खरखरते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, कानांनाच कळतो. म्हणून विक्रेत्याला सांगा, पहिली बाजू सुरुवातीपासून ऐकवू नकोस. दुसऱ्या बाजूचा शेवट लाव, ‘लेझी बर्ड’. आतल्या खाचांत वर्तुळ लहान होतं, सुईला कमी जागा मिळते आणि झीज तिथे आधी बोलते. तिथे कोल्ट्रेन स्वच्छ ऐकू आला तर पुढचं बोला. ऐकवायला नकार दिला तर सौदा तिथेच मोडा, ओळखीचा असला तरी. आणि ‘व्हीजी’ अशी श्रेणी लिहिली असेल तर तिचा विस्तार ‘व्हेरी गुड’ आहे म्हणून फसू नका. या धंद्यात व्हीजी म्हणजे खरखर आहे, ओरखडे आहेत, पण चालते. दीड हजारांच्या वर द्यायचे तर प्रत किमान ‘निअर मिंट’च्या, म्हणजे जवळजवळ नव्यासारखीच्या, जवळपास तरी हवी. तशा फार थोड्या उरल्यात, म्हणूनच भाव पेटलेत.

भाव का चढले याचं कारण तुम्ही पत्रात ‘लोकांना क्रेझ आलीय’ एवढंच दिलंय. ते अर्धं आहे. २०२२ साली अमेरिकेत विनाइल एलपींची विक्री नगांच्या हिशेबात सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. एलपी ४ कोटी १० लाखांच्या आसपास, सीडी ३ कोटी ३० लाख. पण त्या एलपी नव्या छापलेल्या आहेत. जुन्या जॅझची गोष्ट वेगळी. ब्लू नोट ही बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनची छोटी कंपनी. १९३९ साली सुरू झाली, पुढे त्याचा मित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. माल थोडाच छापायची. तेव्हाच्या प्रती वाढणार नाहीत, फक्त कमी होतील. त्यात जपान. पियानोवादक सनी क्लार्कची १९५८ची ‘कूल स्ट्रटिन’ अमेरिकेत फारशी कुणी विचारली नाही आणि जपानने डोक्यावर घेतली. बरीच वर्षं उत्तम प्रती जहाजांनी, विमानांनी तिकडे गेल्या. मग इंटरनेट आलं. पूर्वी गॅरेज सेलमध्ये आजोबांचा खोका पाच डॉलरला निघायचा. आता नातू मोबाईल काढून डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर मागच्या दहा विक्रींचा भाव बघतो आणि पाचाच्या पुढे दोन शून्यं लावतो. स्वस्तात सापडण्याची शक्यताच मेली. ती पाच डॉलरच्या खोक्यांची मजा आता विसरा.

आता गुंतवणूक. इथे मला तुमचा कान धरायचा आहे. १८०ची रेकॉर्ड ५००ला विकली जाते म्हणता. कुठे विकली? दुसऱ्या कुणी विकली. तुम्ही विकायला काढाल तेव्हा संकेतस्थळ दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास कापून घेईल, पॅकिंगचा पुठ्ठा आणि टपाल तुमचं, आणि घेणारा ‘तुम्ही म्हणालात तेवढी स्वच्छ नाही’ म्हणून परत पाठवेल ती कटकट वेगळी. दुकानदाराला दिली तर तो त्याचा नफा धरून निम्म्याने मागेल. यात त्याचं चुकत नाही, त्यालाही दुकानाचं भाडं आहे. वर अमेरिकेत अशा संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर कमाल २८ टक्के कर, शेअर्सवर कमाल २०. आणि २०१६ पासून अमेरिकी बाजाराचा साधा इंडेक्स फंडही दुपटीच्या बराच वर गेलाय. त्याला धूळ पुसावी लागली नाही की उभं ठेवायला कपाट लागलं नाही. शिवाय तुम्ही १४० पैकी एकीचाच भाव सांगितलात. उरलेल्या १३९ चं काय? त्यांतल्या कितींचा भाव तसाच पडून आहे, तेही त्याच कागदावर मांडा.

चढलेला भाव चढलेलाच राहतो, असंही नाही. ग्लेन मिलरच्या काळातलं स्विंग, डिक्सीलँड हे जॅझचे जुने प्रकार, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या यांमागे एक पिढी अशीच वेडी होती. ती पिढी गेली आणि त्यातल्या बहुतेक मालाला आज कुणी विचारत नाही. दुर्मीळ ब्लूजच्या काही तबकड्या सोडा, त्यांना अजून सोन्याचा भाव आहे. बाकीच्या खोक्याने मिळतात. वस्तू कमी आहे एवढ्याने भाव राहत नाही, ती हवी असणारी माणसं जिवंत लागतात. हार्ड बॉपवर, म्हणजे ब्लू नोटच्या या पन्नास-साठच्या दशकातल्या जॅझवर, जीव टाकणारे आज बरेचसे तुमच्या वयाचे किंवा थोरलेच आहेत. तुम्ही पंच्याहत्तरीला पोचाल आणि संग्रह विकायला काढाल तेव्हा तेही आपापले काढतील. त्या वेळी काय होईल हे ज्योतिषीही सांगू शकत नाही. तरुण पोरं विनाइल घेताहेत खरी, पण टेलर स्विफ्ट घेणारी मुलगी वीस वर्षांनी सॅक्सोफोनवादक हँक मोबलीची ब्लू नोट १५६८ नंबरची रेकॉर्ड शोधेलच, यावर मी मुलीच्या फीचे पैसे लावणार नाही.

हँक मोबलीचं नाव निघालं म्हणून एक कडू गोष्ट सांगते. त्याची ती १९५७ची रेकॉर्ड कलेक्टरांच्या जगात सर्वांत दुर्मीळ ब्लू नोटांपैकी एक समजली जाते, काही हजार डॉलरना जाते. मोबली मात्र शेवटच्या काळात फिलाडेल्फियात आजारी, कफल्लक, कधी डोक्यावर छप्परही नाही अशा अवस्थेत होता. १९८६ला गेला. जुनी रेकॉर्ड एका कलेक्टरकडून दुसऱ्याकडे विकली जाते त्यात वादकाच्या वारसांना एक पैसा पोचत नाही. नवी आवृत्ती विकत घेतलीत तर निदान हिशेबात त्यांचं नाव तरी येतं.

तर नव्या आवृत्त्यांबद्दल. ब्लू नोटने २०१९ पासून ‘टोन पोएट’ मालिका काढली आहे. मूळ ॲनालॉग टेपवरून केव्हिन ग्रे मास्टर कापतो, जाडजूड कव्हर, आत वुल्फने काढलेले फोटो. ‘ब्लू ट्रेन’ त्यात २०२२ला आली. किंमत चाळीस डॉलरच्या आत-बाहेर. शुद्धतावादी म्हणतील मूळ प्रतीतला धगधगीतपणा यात नाही. असेल. पण पृष्ठभाग शांत आहे आणि पॉल चेंबर्सचा बास मूळ प्रतीपेक्षा मोकळा ऐकू येतो, असं म्हणणारेही खूप आहेत. चाळीस डॉलरला ही घ्या, आणि कधी मूळ प्रत हाताशी आली की मित्रांना मूळ कुठली हे न सांगता दोन्ही लावा. बरेच जण चुकीचं ओळखतात.

शिवाय जुनंच हवं असेल तर भाव न पेटलेल्या गल्ल्या अजून आहेत. १९८०च्या दशकातली ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ मालिका, नॉर्मन ग्रांझच्या पाब्लो कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड, जपानी किंग रेकॉर्ड्सने छापलेल्या ब्लू नोट. डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ इतकी खपली की आजही जेवणाच्या पैशात जुनी प्रत मिळते. प्रिन्स्टनचं रेकॉर्ड एक्स्चेंज तुमच्यापासून लांब नाही. तिथे कोपऱ्यातल्या स्वस्त खोक्यांशी गुडघे टेकून बसा, भिंतीवर टांगलेल्या महागड्यांकडे बघू नका.

आता वहिनींचं. तुमचं पत्र रेकॉर्डच्या भावाबद्दल आहे असं तुम्हाला वाटतंय, पण मला त्यात सगळ्यात महाग वाटली ती ऑफिसच्या पत्त्यावर येणारी पार्सलं. नवऱ्याला छंद असण्याने कुणाचा संसार मोडत नाही. क्रेडिट कार्डचं बिल उघडल्यावर आपला नवरा वर्षभर काहीतरी लपवत होता हे कळलं की मात्र ती गोष्ट रेकॉर्डची राहत नाही. ‘गुंतवणूक’ हा शब्दही तुम्ही मला नाही, त्या दिवसाच्या भांडणाला आधीच तयार करून ठेवलेलं उत्तर म्हणून वापरताय. तो टाकून द्या. ‘मला आवडतं म्हणून घेतो’ हे वाक्य सोपं आहे आणि ते नाकारता येत नाही. त्यांना बसवून १४० रेकॉर्डची यादी दाखवा: कधी घेतली, कितीला, आज साधारण किती. वर्षाकाठी छंदावर किती घालवायचे ते दोघांनी ठरवा, मुलीच्या फीची तजवीज आधी. आणि आकडा ठरला की तो पाळा. त्यात यंदा २,४०० बसत असतील तर घ्या ‘ब्लू ट्रेन’, आनंदाने घ्या, मी टाळ्या वाजवीन. बसत नसतील तर उत्तर तुमच्या पत्रातच आहे: मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल.

त्या यादीचा आणखी एक उपयोग. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनी पहिल्या फोन करणाऱ्या डीलरला सगळा ढीग दोन हजारांना देऊन मोकळ्या होतील, हे नक्की समजा. असं अनेक घरांत होतं. यादीत वर एक ओळ लिहा की विकायचं झालं तर घाई करू नये आणि दोन-तीन ठिकाणी विचारावं. विमा कंपनीलाही हीच यादी लागते. घरविम्यात अशा वस्तू आपोआप पुरेशा धरलेल्या नसतात.

मुंबईचं उत्तर छोटं आहे. मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, ब्लू नोटच्या पहिल्या आवृत्त्या सापडतील या आशेवर जाऊ नका. रिदम हाऊस हे रेकॉर्डचं जुनं दुकान २०१६ला बंद झालं, जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या हातातही तेच मोबाईल आहेत, आणि परदेशातून आलेला माणूस दिसला की भाव आपोआप डॉलरमध्ये विचार करू लागतो. मुंबईच्या दमट हवेत चाळीस पावसाळे काढलेल्या कव्हरांवर बुरशीचे ठिपके असतात, तेही नीट बघा. कोलकात्याच्या दमदम कारखान्यात छापलेल्या जॅझ एलपी सापडल्या तर ऐकायला म्हणून घ्या, कलेक्टरांच्या बाजारात त्यांना फारसा भाव नाही. जायचं तर शुक्रवार सोडून जा, त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात.

मुंबईशी नातं असलेली महाग जॅझ रेकॉर्ड हवीच असेल तर ती मुंबईत नाही, लंडनमध्ये शोधावी लागेल. आमान्सियो डिसिल्वा हा मुंबईत जन्मलेला गोमंतकीय गिटारवादक. ताजमहाल हॉटेलात तीसच्या दशकात काळे अमेरिकी बँड वाजवायचे, त्यांच्यापासून शिकत गोव्याच्या वादकांनी मुंबईत जी परंपरा उभी केली, तिच्यातलाच. १९६७ला तो इंग्लंडला गेला आणि १९६९ साली जमैकाच्या जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ नावाची रेकॉर्ड केली, कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या लॅन्सडाऊन मालिकेत. त्याच वर्षीची त्याची ‘इंटिग्रेशन’ही आहे. तेव्हा दोन्ही फारशा खपल्या नाहीत. आज मूळ ‘हम दोनो’साठी शेकडो पौंड मोजावे लागतात. हॅरियट १९७३ला हलाखीत गेला. कोकणीत बोलणाऱ्या घरातल्या माणसाने लंडनच्या स्टुडिओत गिटारवर सतारीच्या मिंडीसारख्या ओढी काढल्यात, नॉर्मा विनस्टनचा आवाज शब्दांशिवाय त्यावर तरंगतो. तुमच्या १४० मध्ये हे नसेल तर आधी ते कॉम्प्युटरवर ऐका, फुकट ऐकू येईल. मग पुढच्या वर्षीच्या बजेटात तिचं नाव घालायचं की नाही ते बघा.

शनिवारी दुकान उघडायच्या आत विक्रेत्याला फोन करा. शुक्रवारी रात्री वहिनींशी बोलणं झालेलं असू द्या, म्हणजे फोनवर अडखळायला होणार नाही. पैसे बसत नसतील तर ती प्रत सोडा आणि त्याला सांगा: ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबल, कान असलेली, ‘लेझी बर्ड’ स्वच्छ वाजणारी ‘ब्लू ट्रेन’ कधी आली तर मला आधी कळव. पार्सल घरच्या पत्त्यावर.